मागच्या सीटवरचं सामान

रस्त्याकडेला कोणी गाडीचं चाक उघडून बसलेला दिसला की मला अजून थकवा येतो. चामोर्शीच्या दवाखान्यात होतो तेव्हा माझ्याकडे महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात निघालेली एक जुनी फटफटी होती. तिने मला जेवढं दमवलं तेवढं रोग्यांनीही दमवलं नसेल. जंगलातल्या रस्त्यावर ती कुठेही बंद पडायची, चांद्याहून सुटा भाग यायचा तर आठवडा जायचा, आणि दर वेळी माझ्या सामानात एका वस्तूची भर पडायची. क्लचची वायर तुटून दिवसभर सागाखाली बसलो, म्हणून दुसरी वायर आली. आडव्या पडलेल्या झाडापाशी अडलो, म्हणून कुऱ्हाड आली. पुढे पंप, पाने, पेट्रोलचा कॅन, जादा ट्यूब, दोरखंड, शिवाय गूळ-फुटाणे. हे सगळं ताडपत्रीत गुंडाळून मी मागच्या सीटवर करकचून आवळायचो. बाजारातले लोक विचारायचे, "डाक्टरसाहेब, आज दुकान कुठी लावता?" मी चिडायचो. अडकून पडायचं मला, त्यांना दात काढायला काय जातंय!

पोळ्याच्या सकाळी एक माणूस धापा टाकत दवाखान्यात आला. पाच मैलांवरच्या खेड्यातून जवळजवळ पळतच आला होता. त्याच्या थोरल्या भावाची बायको पहाटे बाळंत झाली होती. पोर ठीक होतं, पण तिचं रक्त थांबत नव्हतं. "वैनी पांढरी पडून राह्यली, साहेब. लवकर चाला."

रक्त थांबवायचं इंजेक्शन माझ्याकडे होतं. सिरिंजसकट त्याची पेटी कोटाच्या खिशात मावायची. मी फटफटी काढली, तो मागे बसायला आला, तर बसायला जागाच नव्हती. सामान सोडायला वेळ गेला असता, आणि खरं सांगायचं तर त्या सामानाशिवाय निघायची माझी छाती नव्हती. तोच म्हणाला, "जा तुमी समोर. मी धुऱ्याधुऱ्यानं येतो." धानाच्या बांधावरून त्याची वाट जवळची. माझा रस्ता वळशाचा, नऊ मैलांचा.

सहा मैल नीट गेले. मग एका गावाच्या शिवेवर मागचं चाक बसलं. मी सामान सोडून जादा ट्यूब काढली, तर तिला चार भोकं. पेचकस तिला लागूनच बांधलेला होता, आणि खड्ड्याखड्ड्याला घासून त्यानेच तिची चाळण केली होती. ठिगळ लावावं म्हणून सोल्युशनची नळी उघडली, तर ते आत वाळून खडा झालेलं. मी स्वतःला मनातल्या मनात लाखोली वाहिली.

पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्यामुळे बैलगाडीचा प्रश्नच नव्हता. पण सगळे गडी घरी होते, ते गोळा झाले. एक म्हातारा चाकाभोवती फिरला आणि म्हणाला, "हवा नाई तं तनीस भरा ना." कोणीतरी गंजीतून धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, उपसून आणली. तिच्यावर पाणी मारून, भारे बांधायला वळतात तसे त्यांनी दोर वळले. मी टायर उचकटून धरायचा आणि त्यांनी दोर ठोकून ठोकून आत कोंबायचे. मी बाळंतिणीचं सांगितलं तसे त्यांचे हात आणखी भरभर चालू लागले. दोन तास आम्ही घाम गाळला. शेवटी चाक टणक झालं, आणि सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला.

उरलेला दीड कोस हाडं खिळखिळी करत गेलो. त्या घराच्या ओसरीवर बैलांच्या झुली तशाच पडल्या होत्या आणि आत बायका रडत होत्या. ती अर्ध्या तासापूर्वी गेली होती. तरी मी वाकून नाडी पाहिली.

मला बोलवायला आलेला दीर दाराशी उभा होता. तो कधीचाच पोचला होता. डॉक्टर फटफटीवर निघालेत, आता येतीलच, असं त्याने घरच्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून सगळे त्या आवाजाकडे कान लावून बसले होते. तीसुद्धा.

मी चाकाचं सांगितलं, ट्यूबचं सांगितलं, तणसीचं सांगितलं. सांगताना माझं मलाच कसंनुसं होत होतं. तिचा नवरा पोर मांडीवर घेऊन ऐकत होता.

"कुठी बसलं चाक?" त्याने विचारलं.

मी गाव सांगितलं.

"तिथून तं तासाभराची वाट हाये," तो म्हणाला. "मंग पायदल काऊन नाई आले, साहेब?"

तो रागावला नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मला ते सुचलंच नव्हतं, आणि हे मला माझ्या तोंडाने त्याला सांगावं लागलं.