कापराशेजारची बाटली

आमच्या घरात कापूर बंद होऊन एक जन्म उलटला, तरी मला अजून मधूनच त्याचा वास येतो. कुणी पेटवलेला नसतो. मी उठून सगळ्या खोल्या बघून येते, स्वतःवरच चिडते आणि परत कामाला लागते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही सोलापुरात गिरणीच्या मागच्या गल्लीत राहत होतो. धाकट्या बहिणीला बाळदमा होता. धाप लागली की तिच्या गळ्याखाली खळगा पडायचा, आणि तो भरून येईपर्यंत आम्हा कुणालाच धड श्वास घेता यायचा नाही. इंजेक्शनं झाली, काढे झाले. मग वडिलांच्या ऑफिसातल्या कुणीतरी एक होमिओपॅथी डॉक्टर सुचवले. मूळचे शाळामास्तर, घराच्या पुढच्या खोलीतच बसत. त्यांनी छाती जेमतेम तपासली, प्रश्न मात्र भरपूर विचारले. खारट आवडतं का? ढगांना भिते का? कुठल्या कुशीवर झोपते? आई भारावूनच गेली.

"आजवर कुणी एवढं विचारलं होतं का की पोरीबद्दल?" ती वाटेत वडिलांना म्हणाली.

पथ्य कडक होतं. कच्चा कांदा, लसूण, कॉफी बंद. औषधाजवळ उग्र वास नको, त्याचा गुण उडतो. एकटीला कसं तोडायचं, म्हणून आईनं घरातल्या सगळ्यांचीच लसूण बंद केली. लसणीवाचून शेंगाचटणी म्हणजे नुसता भुगा. मी ताटावर तोंड वाकडं करायची आणि धपाटा खायची.

औषधाची बाटली आईनं देवघरात ठेवली. आमच्याकडे मोलाचं सगळं तिथंच जायचं : वडिलांचा पगार, माझं प्रगतिपुस्तक, नवं कापड. उग्र वास म्हणजे रॉकेल, अत्तर असं तिनं धरलं. कापूर महादेवाचा, तो कसला उग्र! आरती झाली की बहीण पाटावर बसून जीभ बाहेर काढायची. साखर तेव्हा रेशनवर. तिला त्या पांढऱ्या गोळ्यांची चैन वाटायची. चावायच्या नाहीत, म्हणून डोळे मिटून चघळत बसायची. तो हिवाळा तिला बरा गेला. आईच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पाहिलेला आनंद पुन्हा कधी पाहिला नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी तिला जोराची धाप लागली. वडील टांगा घेऊन आले. दवाखाना गाठायच्या आत ती आईच्या मांडीवर गेली.

डॉक्टर भेटायला आले. उठताना त्यांची नजर देवघराकडे गेली.

"बाटली इथंच असायची?" त्यांनी विचारलं. "कापराशेजारी?"

आईनं मान हलवली. ते "असो" म्हणाले आणि चपला घालून निघाले. वाईट माणूस नव्हता तो. पण त्या एका शब्दासाठी मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

आईनं कापराची डबी त्याच दिवशी फेकली. देवळात आरती सुरू झाली की ती पदर नाकाला लावून बाहेर यायची. घरी भाजी निवडतानासुद्धा अचानक थांबायची. "वास येतोय का गं तुला?" मी नाही म्हणायची. खरं तर मलाही यायचा.

वर्षं गेली, वडील गेले. परवा परवा तिनं पुन्हा तेच विचारलं आणि माझा तोल सुटला. "आई, पुरे आता. नुसत्या साखरेच्या गोळ्या होत्या त्या! कापूर असता काय, नसता काय, काही फरक पडला नसता. तुझी काहीच चूक नव्हती."

मला वाटलं, आता तरी हिच्या छातीवरचा धोंडा उतरेल. ती देवघराकडे बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"म्हणजे मी तिला काहीच दिलं नव्हतं का गं?"