पहारेकऱ्यानं अडवलेलं नाव

बाबूलाल धकाते नवं धोतर नेसून पवनीच्या विणकर सोसायटीत येऊन बसले आणि करुणाची बोटं कीबोर्डवर आणखी घाईनं चालू लागली. म्हातारा काही मागत नव्हता बरं. दाराजवळच्या बाकावर बायकोला, कौशल्याबाईला, शेजारी घेऊन गुमान बसला होता. पण त्याला जे हवं होतं ते करुणाच्या कॉम्प्युटरमध्ये अडकून पडलं होतं.

बाबूलालजींनी उभा जन्म कोसा रेशीम विणलं. साडी मागावरून उतरली की व्यापाऱ्याकडे, त्याचा शिक्का बसला की दुकानात. विणणाऱ्याचं नाव कुठंच नाही. आता काचबिंदूनं डोळे खाल्ले होते, आणि उरलेली नजर फार दिवस पुरणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. शेवटची साडी विणून झाली होती. नागपूरच्या एक बाई ती न्यायला दुपारी येणार होत्या. सोसायटीनं हल्लीच साडीच्या काठाला एक छोटा कोड शिवायला सुरुवात केली होती. त्यावर मोबाइल धरला की विणकराचं नाव आणि फोटो उमटायचा. म्हाताऱ्याला आपल्या साडीवर मोबाइल धरून आपलं नाव एकदा बघायचं होतं. साडी जायच्या आत आणि नजर जायच्या आत.

आणि कोडवर मोबाइल धरला की उघडणारं पान काय दाखवत होतं? ‘डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही.’ झालं!

करुणा इथली सगळी कॉम्प्युटरची कामं बघायची. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हा ती माहेरी, नाकाडोंगरीच्या शाळेत पाटी घेऊन बसत होती. लग्न होऊन पवनीत आली, शिकली, आणि सोसायटीची वेबसाइट तिनंच उभी केली. सकाळी तिनं सगळं जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर आणलं होतं. वेबसाइट चालू होती. नावं साठवणारा डेटाबेसही चालू होता. पण एकाच घरातल्या भांडलेल्या जावांसारखी दोघांची तोंडं दोन दिशांना.

तिनं पासवर्ड तपासला, बरोबर. डेटाबेसला स्वतः हाक मारली, तर त्यानं लगेच ओ दिली. फक्त वेबसाइटनं विचारलं की गप्प. दोघांमधला निरोप एका छोट्या फाइलमध्ये होता, डेटाबेस कुठं आहे, आत कसं जायचं ते. ती फाइलही जागेवर, तिचे हक्कही ठीक. करुणानं कपाळाला हात लावला.

सोसायटीचे मॅनेजर वीरेंद्र चकरा मारत होते. “काय होऊन राहिलं, करुणा? बाई अर्ध्या वाटेवर आल्या म्हणते.”

“भाऊ, कोणीतरी मधातच अडवून राहिलं.”

कोण, ते तिला हळूहळू उमगत होतं. नव्या मशीनमध्ये एक पहारेकरी होता, सिस्टिमसोबतच आलेला. कोणत्या प्रोग्रामनं कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, याचे त्याचे नियम ठरलेले. तिनं कमांड देऊन त्याला सांगितलं, घटकाभर नुसतं बघ, अडवू नको. आणि पान धाडकन उघडलं. बाबूलालजींचा फोटो, नाव, सगळं.

“वा,” वीरेंद्र म्हणाले. “राहू दे आता असंच. कायले हात लावतं?”

मोह तिलाही झाला, खोटं कशाला बोला. पण त्याच मशीनमध्ये सगळ्या विणकरांची बँकखाती होती, आधार नंबर होते. दार सताड उघडं टाकून सत्कार कोणाचा करायचा? तिनं पहारेकऱ्याला पुन्हा उभं केलं. पान बंद. वीरेंद्रांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं पंगतीतलं वाढलेलं ताट उचललं.

मग तिनं त्या पहारेकऱ्याची नोंद उघडली आणि ओळीमागून ओळ वाचत गेली. सकाळपासून जितक्यांदा वेबसाइटनं ती फाइल उघडायचा प्रयत्न केला, तितक्यांदा त्यानं लिहून ठेवलं होतं. कोण आलं, काय मागितलं, का नाकारलं. मशीनची मालकीण ही, सगळ्या किल्ल्या हिच्याकडे, तरी त्यानं तिच्या मोठेपणाकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. फाइल कुठली ते सांगणारी, सिस्टिमनं तिला लावलेली खूण तेवढी त्यानं पाहिली होती. आणि खूण होती करुणाच्या स्वतःच्या फोल्डरची.

आता तिला सकाळ आठवली. फाइल तिनं आधी आपल्या फोल्डरमध्ये बनवली, नीट केली आणि मग उचलून वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ठेवली. नक्कल केली असती तर नव्या जागेची खूण आपोआप लागली असती. पण उचलून नेलेली वस्तू जुन्या घराची खूण सोडत नाही.

करुणा खुर्चीत मागे रेलली. सासरी तिला करुणा म्हणतं कोण? जुन्या मोहल्ल्यात सून माहेरच्या गावावरूनच ओळखायची. सासू, जावा, शेजारणी, सगळ्यांना ती ‘नाकाडोंगरीवाली’. इतकी वर्षं चूल इथं, लेकरं इथं, तरी खूण तिथली. आणि हे यंत्र, ज्यानं कधी पवनी पाहिली नाही, तेही तसंच करत होतं. माणूस आज कुठं उभा आहे ते नाही, आला कुठून ते बघत होतं. तिला हसू यावं की रडू, कळेना. एवढ्याशा अदृश्य खुणेत केवढी ताकद, या विचारानं ती थक्क होऊन पडद्याकडं बघत राहिली.

उपाय एका ओळीचा होता. या फोल्डरला शोभेल ती खूण या फाइलला लाव. तिनं कमांड दिली. पहारेकरी जागचा हलला नाही, तसाच कडक उभा राहिला, आणि तरी पान उघडलं.

नागपूरच्या बाई पोचल्या तेव्हा साडी चटईवर पसरलेली होती. करुणानं आपला मोबाइल बाबूलालजींच्या हातात दिला, हात धरून काठावर नेला. अक्षरं मोठी केली. म्हाताऱ्यानं पडदा नाकाला लागेपर्यंत जवळ घेतला. त्यांचे ओठ हलले, एकेक अक्षर लावत. मग डोळे भरले आणि पुढचं काही दिसेना.

“बाबूलाल धकाते,” ते म्हणाले. मोबाइल खाली घेऊन बायकोकडं वळले. मग म्हणाले, “माहं एकट्याचंच काहून वो? कोशाचं सूत तर हिनं काढलं. मांडीवर घासून घासून. मांडीची सालं गेली हिच्या.”

पानावर दुसऱ्या नावाला जागाच ठेवली नव्हती. करुणानंच ठेवली नव्हती, हे तिला आत्ता लख्ख दिसलं. ती उठून मशीनपाशी गेली आणि जागा केली.

“काकू, तुमचं नाव सांगा.”

“लिही ना, आसगाववाली,” कौशल्याबाई पदर सावरत म्हणाल्या. “सारे तेच म्हणते.”

“गावाचं नाही. तुमचं.”

कौशल्याबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. आजवर त्या नवऱ्याच्या तोंडून त्यांचं नाव कधी बाहेर पडलं नव्हतं. रीत नव्हती.

“कौशल्या,” बाबूलालजी म्हणाले. “कौशल्या धकाते. लिही.”

कौशल्याबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि त्या म्हणाल्या, “अजून एकडाव म्हणा.”