बॉक्साइटच्या ट्रकमधून आंबा घाट, आणि एक बादली पाणी

"आंबा घाट बघायचाय न्हवं? मग चल की माझ्यासंगं," मामा म्हणाला आणि मी कळंब्याहून पिशवी उचलून निघाले. मामाने जन्मभर शिरोळकडं ऊस ओढला. आता शाहूवाडीच्या डोंगरातली बॉक्साइटची लाल माती ट्रकने रत्नागिरीकडच्या बंदरावर पोचवायची, जहाजात भरायला. त्याची ही पहिलीच खेप. मालकाने बजावलं होतं, "माल परत आला तर तूबी परत येऊ नको."

मलकापुरात चहा-भजी खाऊनच घ्या, पुढे घाटातल्या टपऱ्यांच्या भरवशावर राहू नका. तिथेच एक आजी खेकसल्या, "आरं मुडद्या, समदी धूळ माझ्या मिरच्यांवर!" मामा ओशाळला. ताडपत्री वर करून मागच्या बाजूच्या मातीवर त्याने बादलीभर पाणी मारलं. ऊस वाळू नये म्हणून मारायचा ना, तीच सवय.

घाट सुंदर आहे म्हणतात. मी डोळे मिटून होते! धुकं, वळणं, समोरून एसटी आणि पाठीमागे ते वजन.

"मामा, ब्रेक लागतोय ना?"

"लागतोय की! गप बस."

साखरप्याला वडापाव हातात आला तेव्हा कुठे जिवात जीव आला.

बंदरावर ओलावा तपासायला नमुना घेणारे काका पुढची कोरडी माती पिशवीत भरत होते. मी सहज विचारलं, "ओली असली तर?"

"जहाजाच्या पोटात हलून हलून तिचा चिखल होतो. तो एका अंगाला गेला की जहाज कलंडतं. माणसं असतात हो त्यात."

मामाचा चेहरा उतरला. उसाची ट्रॉली पलटी झालेली त्याने पाहिलीय. मी त्याचा हात घट्ट दाबला, गप्प राहा म्हणून. त्याने तो झटकला.

"सायेब, मागं पानी मारलंय मी. तिथलं घ्या."

गाडी बाजूला लागली. ओला थर खोऱ्याने काढून उन्हात पसरला, पुन्हा तपासणी झाली, मगच बाकीचा माल उतरला. पण बातमी मालकापर्यंत जाणारच होती. परतीला मामा कुठेच थांबला नाही. घाटाचे फोटो मागू नका, एकही नाही. तो झटकलेला हात तेवढा अजून जाणवतो.

पहिली खेप करून गाडी आली म्हणून दारात मामी चाकांवर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी. तोच मालकाचा फोन. मामाने स्पीकर लावला.

"कळलं मला समदं. उद्या सकाळी खाणीवर ये. आन ती बादली घरी ठेव!"

मामी तांब्या तसाच धरून म्हणाली, "मग ह्ये घालू का नगं?"