रजेतले सहा दिवस

आखातात, रास अल खैमातल्या आमच्या प्रार्थनेच्या हॉलची फरशी किसन पाटोळेने बसवली. त्या फरशीवर मी एकदाही मन लावून प्रार्थना करू शकले नाही. बाकीचे करतात, त्याचा मला राग येतो.

किसन राहुरीकडचा, आमच्यासारखाच ख्रिस्ती. चौऱ्याण्णव साली टाइल मेसन म्हणून आला. दोन वर्षांनी साठ दिवसांची रजा, तीही फोरमनच्या मर्जीवर. बायको कुंदा गावी. मी रास अल खैमातच एका क्लिनिकमध्ये नर्स, म्हणून मजुरांच्या कॅम्पातले सगळे मला सिस्टर म्हणत. दर शुक्रवारी आम्ही एका भाड्याच्या व्हिलात आमच्या हिंदी बोलणाऱ्या पास्टरांपाशी प्रार्थनेला जमायचो आणि मागच्या अंगणात हॉल बांधत होतो.

दहाव्या हिश्शाचं खूळ आमच्यात शिरलं ते कार्लसनमुळे. तो सिमेंटच्या कारखान्यातला अमेरिकन इंजिनियर, मॉर्मन पंथाचा. जवळपास त्याच्या पंथाची माणसं नव्हती म्हणून आमच्यात येऊन बसायचा. एका शुक्रवारी त्याने आपल्या पणजोबांची गोष्ट सांगितली. ती गरीब माणसं अख्खा संसार हातगाडीवर घालून हजार मैल चालत नव्या मुलखात गेली. हातात रोकड नव्हती. मग दहा अंड्यांतलं एक अंडं देवाचं, दहा पोत्यांतलं एक पोतं देवाचं. ज्याच्याकडे तेही नसेल, तो दर दहावा दिवस मंदिराच्या कामावर फुकट राबायचा.

किसन उठून उभा राहिला. म्हणाला, "माझा पगार गावाला जातो आन् कामाचे दिवस कंपनीचे. माझे म्हणावे असे दिवस रजेचेच. साठ दिवसांतले सहा देवाचे. फरशी मी बसवतो."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर हात लाल होईपर्यंत.

रजा लागली. सामान बांधून, तिकीट सातव्या दिवसाचं काढून तो फरशीला बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिनिकच्या दारात उभा, हाताला सिमेंट तसंच.

"सिस्टर, भावाचा फोन आला होता. कुंदाला कावीळ झालीय. दवाखान्यात ठेवलंय. तिच्याशी बोललो तर काहीबाही बरळत होती, मला वळखलं नाही. तिकीट बदलायला दोनशे दिरहम पडतात, म्हंजे दोन हजार रुपये. ते देईन मी. पण पास्टर म्हणतात, बोला हुआ दिन प्रभु का है. तुम्ही सांगा, चार दिवसांनी काय फरक पडतो का?"

वीस वर्षांची नोकरी झालेली नर्स मी. काविळीचं माणूस बरळायला लागलं म्हणजे काय, ते मला सांगायला डॉक्टर लागत नाही. पण शुक्रवारी हॉलचं उद्घाटन होतं. दुबई-शारजाहून पाहुणे बोलावले होते, आणि बोलावणारी मीच होते. अर्धी फरशी उघडी होती.

मी म्हणाले, "काविळीला वेळ लागतोच रे. चार दिवसांत काय होतंय? इन्शाल्ला बरी होईल."

मान हलवून तो कामाला गेला. पाचव्या दिवशी कुंदा गेली. सहाव्या दिवशी त्याने शेवटची टाइल बसवली, फटी भरल्या, ओल्या फडक्याने फरशी पुसली. बातमी त्याला त्यानंतर कळली. फोन पास्टरनी घेतला होता. काम व्हायचं होतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. किसन गावी पोचला तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते.

उरलेली रजा टाकून तो दहाव्या दिवशी परत आला. हॉलमध्ये पाऊल मात्र टाकलं नाही. बाहेर, चपलांपाशी उभा राहायचा.

तिथेच एकदा कार्लसनने त्याचा हात हातात घेतला. म्हणाला, पणजी आजारी पडली त्या वर्षी पणजोबांनी एकही दिवस दिला नाही आणि कुणी मागितलाही नाही. किसनने मला विचारून हे नीट समजून घेतलं. मग म्हणाला, "साहेबांना विचारा, हे त्या शुक्रवारी का नाही सांगितलं?" कार्लसन रडायला लागला. मी भाषांतर करत उभी राहिले, जसं काही ह्यात माझा संबंधच नव्हता.

दोन हजार एक साली किसन नोकरी खलास करून कायमचा गावी निघाला. आदल्या आठवड्यात माझ्याकडे आला, स्वयंपाकघरातल्या हलणाऱ्या चार टाइल्स काढून नव्या बसवल्या. मजुरी घेईना.

"असू द्या सिस्टर. त्या वेळी तेवढं तुम्हीच खरं सांगितलं. काविळीला वेळ लागतो. कुंदालाच दम निघाला नाही."

खरं सांगायला माझ्यापाशी तेवढी एकच घटका होती. मी त्याला विचारलं, चहात साखर किती घालू.