आसारामअण्णांच्या करदोड्यातल्या किल्ल्या

जामखेडकडच्या त्या वस्तीत दिवाळी सरली की ऊसतोडीचे टेम्पो लागायचे आणि घराघरांना कुलपं पडायची. सगळ्या किल्ल्या आसारामअण्णांच्या कमरेला, करदोड्यात ओवलेल्या. म्हातारा चालला की गळ्यात घुंगरमाळ घातलेल्या बैलासारखा वाजायचा. त्यांची बायको साळूबाई वैतागायच्या, "झोपताना तरी सोडा ते लोढणं." अण्णा म्हणायचे, "लोकांची घरं हायेत ती. खुंटीला कशी टांगू?"

दर शनिवारी ते एकेक दार उघडून आत दिवा लावत. बंद घर रुसतं, असं त्यांचं म्हणणं. दिवा लावता लावता कोनाड्यातले शेंगदाणेही तोंडात टाकत, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक; म्हणून बाया जाताना मुद्दाम वाटीभर ठेवून जात. शेजारच्या रंगुबाईची पोर, सृष्टी, तर उसाचा हंगामभर अण्णांच्याच घरी राहायची. शाळेत पालकांना बोलावलं की धुतलेली टोपी घालून हेच हजर.

माघात अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. रंगुबाईला उसाच्या फडात फोनवर कळलं. मोळीवर बसून ती रडली, आणि रडता रडताच तिच्या मनात आलं, आता पोरीचं काय? दहावीची परीक्षा तोंडावर. अण्णांचा मुलगा कल्याण भिंगारला नोकरीला. तो आईला घेऊन जाणार, घर बंद करणार. मग पोरीला फडावर आणून हातात कोयता द्यायचा. असा माणूस गेला आणि आपल्याला आपलंच सुचतंय, याची तिला लाज वाटली. पण सुचायचं थांबेना.

मुकादमाच्या विनवण्या करून ती दहाव्याला आली. पिंडाला कावळा लगेच शिवला. अण्णांचं काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते रंगुबाईचं.

घरी आल्यावर कल्याण मान खाली घालून म्हणाला, "वैनी, एक चूक झाली. अंघोळ घालताना रीतीप्रमानं करदोडा तोडला, अन् तसाच अण्णांसंगं दिला. किल्ल्यांचं कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई."

रंगुबाईला हसू फुटलं. ती तोंडाला पदर लावतेय तोवर साळूबाईच हसल्या. "घेऊन गेलं म्हातारं. वर बी कुनाची तरी कुलपं सांभाळत बसलं आसंल." अण्णा गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं.

रंगुबाईच्या दाराचं कुलूप सृष्टीने दगडाने तोडलं. आत पणतीत तेल होतं, वात अर्धी जळलेली, आणि शेंगदाण्यांची वाटी रिकामी. रंगुबाई वाटी हातात धरून उंबऱ्यावर बसली आणि मनसोक्त रडली. या वेळी फक्त अण्णांसाठी.

मग कल्याणने जामखेडच्या बाजारातून नवं कुलूप आणलं. रंगुबाई ते दाराला लावून पाहत होती. किल्ली कुणाकडे द्यायची, तेच तिला कळेना. शेवटी ती हळूच म्हणाली, "कल्याणभाऊ, तुमी साळूआत्यांना घेऊन जा. मी पोरीला संगं नेते."

"किल्ली हिकडं दे," साळूबाई म्हणाल्या. त्यांनी ती घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

"आये, आपल्याला भिंगारला जायचंय ना?" कल्याण म्हणाला.

"तू हो म्होरं. पोरीची परीक्षा झाल्याबिगर मी हालत न्हाई. शनवारी हितं दिवा कोन लावंल?" मग त्या रंगुबाईकडे वळल्या. "अन् ती वाटी भरून ठेव. पर कूट करून, मला दात न्हाईत."

रंगुबाईने तिथल्या तिथे खलबत्ता ओढला. दहा दिवस छातीवर बसलेला धोंडा एकदाचा उतरला होता. होते नव्हते तेवढे सगळे शेंगदाणे तिने कुटले.