गेरूखालचं तांबं

चौथी नापास माणूस मी, पण दगड मला वाचता येतो. बापाबरोबर विहिरी खणतच मोठा झालो. शीळफाट्याच्या डोंगरात तांबं मिळतंय का बघायला बोअरमशीन आलं, तेव्हा मी त्यावर कामाला लागलो. नव्वद साल उजाडायच्या आधीची गोष्ट. मशीन ज्वालामुखीच्या काळ्या दगडातून दगडाचीच लांब गोल कांडी काढायचं. कांडीचे तुकडे वरपासून खालपर्यंत पेटीत ओळीने लावायचे आणि साहेबांनी ते तपासायचे.

साहेब डोंबिवलीचे, शिकलेले, माझ्या लेकाच्या वयाचे. त्या दिवशी पेटी बघून म्हणाले, “मामा, गेरूचा थर वरच संपला. खाली नुसता कातळ. हे भोक बंद करा.”

“नाय साहेब. गेरू आत्ता कुठे लागलाय.”

“मग पेटी खोटं बोलते काय?”

“पेटी नाय, भरणारा चुकलाय.”

पेटी भरणारा गडी नवा, गवंडीकामातला. भिंत रचावी तशी त्याने खालून सुरुवात केलेली, म्हणजे वरचा कातळ पेटीत खाली आणि खालचा गेरू वर! मी साहेबांना माझी बनियान दाखवली. मशीन थांबवताना भोकातलं पाणी अंगावर उडालेलं, पार लालभडक, म्हणजे तळाशी गेरूच.

“रंगपंचमी खेळलात की काय?” साहेब हसले.

“गेरूखाली मांजऱ्या असतो साहेब, भोकाभोकांचा दगड. तांबं बसलं तर त्या भोकांतच बसणार. दहा फूट द्या. नाय निघालं तर मशीनला परत हात लावणार नाय.”

“मामा, उद्यापासून पुन्हा विहिरी!” बाकीचे गडी हसत ओरडले.

सहा फूट नुसता लाल गेरू. आठव्या फुटाला मशीन खडखडलं. मांजऱ्या! कांडी बाहेर आली, तर एका भोकात काळपट धातूची तार.

“मशीनचंच पितळ घासून अडकलं असेल,” साहेब म्हणाले.

मी डब्यातली चिंच काढली आणि तार घासली. पितळ असतं तर पिवळं दिसलं असतं. ही देवघरातल्या पळीसारखी तांबडी झळकली. साहेबांनी भर उन्हात मला मिठी मारली, लाल बनियानीसकट.

तांबं थोडकंच होतं, खाण काही झाली नाही. नाही तर नाही. माझा शब्द खरा ठरला. त्यानंतर साहेब आले की पेटी उघडायच्या आधी हाक मारायचे, “मामा, बनियान दाखवा!”