न धुतलेला स्पंज

रजियाआपा गेल्याचा लेकीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "कशानं गेल्या? नीट विचारलंस का?" हेच माझ्या तोंडून आधी निघालं. आधी संशय, मग रडू, हा माझा जुना खाक्या. त्याला आज दीड महिना झाला...

लातुरात गल्लोगल्ली कोचिंगच्या पाट्या लागल्या होत्या, त्या काळात आपांनी माझ्या मृण्मयीला वरची खोली भाड्यानं दिली. मी दर पंधरवड्याला नांदेडहून एसटीनं जायचे ती लेकीला भेटायला कमी, झडती घ्यायला जास्त. वरण पातळ का, खिडकीची कडी ढिली का, सगळं तपासायचे. एकदा पाहते तर आपांच्या बैठकीत काचेची टाकी. पाणी भरलेलं, दिवा लावलेला, बुडबुडे चाललेले, तळाशी काळी माती आणि पाण्यात बदामाचं वाळकं पान. मासा एकही नाही! आणि माझी लेक पुस्तक मिटून त्या टाकीसमोर बसलेली.

"झिंगे येनार हायेत बाई, हैदराबादहून," आपा म्हणाल्या. "लाल, तांदळाएवढे."

"खायला?"

"बघायला! पन पानी आधी पिकावं लागतंय. महिना तरी." मग जरा थांबून म्हणाल्या, "भूकंपानंतर मी उशाशी पान्याचा तांब्या ठेवायची. पानी हललं की लेकरं घेऊन पळायचं. लई वर्सं भीतीनं बघितलं पान्याकडं... आता जरा खुशीनं बघावं म्हनते."

पाणी पिकतं हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. वाळकं पान, रिकामी टाकी, अभ्यास सोडून बसलेली पोर... माझ्या मनात करणी, जादूटोणा, नको नको ते आलं. आपा मुसलमान म्हणून ते जरा लवकरच आलं, खोटं कशाला बोलू? आज त्याची लाज वाटते. आपा नमाजाला आत गेल्या आणि मृण्मयी क्लासला. मी बादली घेतली, सगळं पाणी मोरीत ओतलं, पान फेकलं, टाकीच्या कोपऱ्यातला काळा बुळबुळीत स्पंज नळाखाली खसाखसा धुतला आणि टाकी ताज्या पाण्यानं भरली. लखलखीत!

आपा बाहेर येऊन नुसत्या बघत राहिल्या. "पान्यातली घान खानारे जीव त्या स्पंजातच ऱ्हातेत बाई. डोळ्याला दिसत न्हाईत. त्यांच्याबिगर झिंगे जगत न्हाईत." मला तीही थापच वाटली. "बरं, जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आनिक एक महिना."

आपा वारल्याचा फोन आल्यावर आम्ही मायलेकी लातूरला गेलो, तेव्हा त्या टाकीपाशीच मृण्मयीनं सांगितलं, "आई, तेव्हा मी बॅग भरली होती. परीक्षा नको, घर नको, कुठंतरी निघून जायचं ठरवलं होतं. आपा म्हणाल्या, झिंगे आले की जा. मग तू पाणी फेकलंस, तर म्हणाल्या, तुज्या आईनं महिना वाढवला, आता थांबनं आलं. झिंगे आले तोवर मला बरं वाटायला लागलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आधी बॅग तपासली असतीस."

आपांच्या सुनेनं थोडे झिंगे आणि टाकीतला एक स्पंज ओलाच पिशवीत घालून दिला. आता माझ्याकडे नांदेडला छोटी टाकी आहे. दुपारी भांडी आवरली की मी तिच्यासमोर बसते. स्पंज काळा, बुळबुळीत झाला आहे, त्यावर लाल झिंगे चरत असतात. माझे हात शिवशिवतात. पण तो स्पंज मी अजून धुतलेला नाही.